चिबडातलं कोर्ट

रुद्राणी पुण्याहून घरी आली, तेव्हा घरामागचं बॅडमिंटनचं कोर्ट एकदा बांधून, एकदा फुटूनही झालं होतं.

बांधलं होतं ते तिच्यासाठीच. तिच्या वडलांचं, शिवलिंगअप्पांचं, माजलगावच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडतीचं दुकान. उन्हाळ्यात त्यांनी परसातली जागा सपाट करून घेतली, काळ्या मातीवरच खडी अंथरली, वर काँक्रीट ओतलं, हिरवा रंग दिला आणि फोटो काढून लेकीला पाठवला. पावसाळ्यात खालची माती फुगली आणि कोर्ट मधोमध पुरीसारखं वर आलं. पाऊस सरला, माती आक्रसली, तशा त्याला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. भिंतीपलीकडे उसाचं रान, त्याला कालव्याचं पाणी. ती सगळी पट्टीच चिबड, बारा महिने आतून ओली. गावात कुणीही सांगितलं असतं. अप्पांनी विचारलंच नाही, कारण विचारलं असतं तर लोक नको म्हणाले असते.

रुद्राणी दिवाळीला आली ती सगळं सामान घेऊनच. "थोडे दिवस राहते," एवढंच म्हणाली. कॉलेजपासून ती पुण्यात खेळत होती. राज्याच्या स्पर्धेपर्यंत गेली, पुढं काही जमलं नाही. मग एका क्लबात लहान मुलांना शिकवायला लागली. पहाटे उठायचं, दिवसभर तेच तेच ओरडून सांगायचं, संध्याकाळी खोलीवर येऊन भिंतीकडं बघत बसायचं. शेवटी शेवटी तिला रॅकेट हातात धरवेना. हे तिनं कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. घरी जावं आणि पोटभर झोपावं, एवढीच तिची इच्छा होती.

दिवाळीचे दिवे उतरले न उतरले तोच दारात जेसीबी येऊन उभा राहिला.

"या बारीला पक्कं करू," अप्पा म्हणाले. "काळी माती कमरेइतकी काढायची, मुरूम भरायचा, दाबायचा. तानाजीभाऊनं लई कामं केलीत असली."

तानाजीभाऊ म्हणजे जेसीबीवाला. तो खाली उतरला, फुटलेल्या काँक्रीटवर टाच आपटून बघितली आणि म्हणाला, "करू की अप्पा. पर आधी भवताली चर पाडा. पाणी भाईर काढल्याबिगर कितीबी मुरूम टाका, बसणार न्हाई."

"चर मागून पाडू. आधी खड्डा होऊं द्या."

खड्डा झाला. चर राहिला. रोज संध्याकाळी दुकानातून आले की अप्पा लेकीला काठावर घेऊन जायचे. नेट कुठं, दिवे कुठं, वारा अडवायला जाळी कुठून. ती म्हणायची, "हं. बरोबर हाय." आत येऊन आडवी व्हायची. झोप काही यायची नाही. आई, शिवम्मा, भाकरी थापता थापता तिच्याकडं बघायची आणि पुन्हा काठवटीकडं वळायची.

मग पलीकडच्या उसाला कालव्याच्या पाण्याची पाळी आली. सकाळी बघतात तर खड्डा भरलेला. दोन्ही कडांतून पाणी झिरपतंय, तळाशी निव्वळ चिखल. स्वयंपाकघराच्या भिंतीलाही ओल चढायला लागलेली.

तानाजीची वाट न बघता अप्पा बादली घेऊन खाली उतरले. धोतर खोचलेलं, वय साठीच्या पुढचं. ते बादली भरून वर द्यायचे, रुद्राणी ती ओतायची. पाणी तेवढंच. कितव्या तरी बादलीला अप्पांचा पाय सटकला आणि ते मटकन खाली बसले. उठायला गेले, तर कमरेत कळ. ती धावत उतरली. तिचेही पाय पोटरीपर्यंत रुतले. त्यांना उठवता येईना, स्वतःला हलता येईना.

"ऱ्हाऊं दे," अप्पा धापा टाकत म्हणाले. "मुरूम पडला म्हंजी कोरडं व्हतंय. फेब्रुवारीत तू खेळशील बघ."

"अप्पा, मला न्हाई खेळायचं."

"आज कोण म्हणतंय?"

"कधीच न्हाई. पुण्यातच सुटलं माझं. मन उडालं."

अप्पा तिच्याकडं बघत राहिले. त्यांच्या मिशीला चिखल लागला होता.

"मग सांगितलं कावून न्हाईस?"

"कसं सांगू? फोन केला की तुमी सिमेंटचंच बोलायचात."

तानाजी आला, त्यानं दोर टाकून दोघांना वर ओढलं. डॉक्टरनं अप्पांना पडून राहायला सांगितलं. ते भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. जेवायला हाक मारली तरी वळायचे नाहीत.

खड्डा तसाच ठेवला असता तर घराचा पाया गेला असता. दुकान शिवम्मानं बघितलं आणि परसात रुद्राणी उभी राहिली. भवताली चर पाडला, त्यात खडी टाकली, छिद्रांचा पाइप घातला, उतार रस्त्याकडच्या ओढ्याला दिला. उन्हात उभं राहून तिचं डोकं ठणकायचं. दोनदा तिला वाटलं, सगळं टाकून पुण्याला निघून जावं. पण तिथं तरी कोण वाट बघत होतं. शेवटी पाइपाच्या तोंडातून गढूळ धार लागली. खड्ड्यात मुरूम पडला.

"आता वरती काय, ताई? काँक्रीट?" तानाजीनं विचारलं.

"काही नको. सारखं करा अन् सोडून द्या."

ती आत आली. अप्पा जागे होते.

"लागलं का पाणी वाहायला?"

"लागलं."

मग ते म्हणाले, "मोंढ्यात समदे इचारतात, पोरगी काय करती. लग्नाचं बी इचारतात. मी म्हणायचो, कोर्ट बांधायलोय तिच्यासाठी. मंग गप बसायचे लोक. मला बी बरं वाटायचं." ते तिच्याकडं वळले. "आता काय सांगू?"

रुद्राणी त्यांच्या पायाशी बसली. तिच्या नखांत काळी माती होती.

"सांगा, घरी हाय म्हणून. दमली हाय."

"बरं," अप्पा म्हणाले.

ती तिथंच, खाली सतरंजीवर आडवी झाली. शिवम्मा दुकानातून आली तेव्हा दोघंही झोपलेली होती. तिनं दार हळूच लोटून घेतलं आणि चुलीवर भात टाकला.