समोरून काढलेले फोटो

मी एक जुना डिजिटल कॅमेरा आहे. माझ्या बॅटरीच्या झाकणाला चिकटपट्टी लावली आहे आणि पडद्याच्या कोपऱ्यात काळा ठिपका पडला आहे. पण मित्रांनो, माझी नजर अजून साफ आहे. तेच तर माझं दुखणं आहे.

२००३ साली प्रबोधरावांनी मला या परदेशी शहरातल्या लिटिल इंडिया वस्तीतल्या रात्रंदिवस उघड्या दुकानातून विकत घेतलं आणि हौगांग भागातल्या फ्लॅटवर आणलं. ते बँकेत नोकरीला. घरात पत्नी शुभदाताई आणि एकुलती एक जाई. तेव्हा माझा थाट विचारू नका. मंडळाचा गणपती असो की वाढदिवस, माझ्यावाचून पान हलत नसे. ताईंची सूचना मात्र ठरलेली. “जाई, समोर बघ. बाजूने नको, नाक फार दिसतं.” जाई हसायची आणि समोर बघायची. मीही ते हसण्यावारी नेलं.

मग घरात कॅमेऱ्याचे मोबाईल आले आणि माझी रवानगी ड्रॉवरमध्ये झाली. तिथे दिसत काही नसे, पण जेवणाच्या टेबलावरचं बोलणं स्पष्ट ऐकू येई.

२००८ साली जाईच्या विद्यापीठातली हेजिन नावाची कोरियन मैत्रीण आमच्याकडे भाड्याने राहायला आली. मुलगी गोड, ताईंच्या हातची आमटी वाटीने प्यायची. एकदा जेवताना ती सहज म्हणाली, “माझ्या पापणीवरची घडी डॉक्टरांनी केलेली आहे. शाळेची शेवटची परीक्षा झाल्यावर आईने भेट दिली.”

“देवाने दिलेल्या चेहऱ्याला कात्री?” ताई म्हणाल्या. “आमच्यात असलं चालत नाही.”

“दात सरळ करतात तसंच आहे, आँटी,” हेजिन शांतपणे म्हणाली. “मला फार हौस होती असंही नाही. पण आमच्याकडे नोकरीच्या अर्जावर फोटो लागतो. माझ्या वर्गात निम्म्यांनी केलं. मग न करणारीच वेगळी पडते.”

“मलाही नाक करायचंय,” जाई म्हणाली. “सुट्टीत हेजिनबरोबर तिच्या देशात, सोलला जाणार आहे.”

हेजिनलाच नवल वाटलं. “तू कशाला? तुमच्या अर्जावर कुठे फोटो लागतो?”

“नोकरीच्या नाही लागत. लग्नाच्या लागतो.”

ताईंनी जाईसाठी स्थळं बघायला सुरुवात केली होती. बायोडेटात ‘नाकीडोळी नीटस’ असं लिहून सोबत मी पूर्वी समोरून काढलेला फोटो पाठवला होता. दोन घरांनी बाजूचा फोटो मागवला. जाईनेच मोबाईलवर काढून तो पाठवला आणि पुढे त्या दोन्ही घरांचं उत्तर आलं नाही. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, हा ताईंचा स्वभाव मला ठाऊक होता. त्या दिवशी मात्र मला त्यांची कीव आली.

नंतर आठवडाभर घरात वाद झाले. प्रबोधराव “विचार कर” एवढंच म्हणत राहिले. सोलच्या दवाखान्याने तीन स्वच्छ फोटो मागवले, समोरून, डावीकडून आणि उजवीकडून. मोबाईलचे फोटो धूसर येत होते, म्हणून आज जाईने मला बाहेर काढलं आणि ताईंच्या हातात दिलं.

“आई, आधी डावीकडून.”

ताईंनी मला तिच्या डाव्या बाजूला धरलं. इतक्या वर्षांत त्यांनी लेकीला माझ्यातून बाजूने कधी पाहिलंच नव्हतं. कपाळापासून हनुवटीपर्यंत ती सरळ, ठसठशीत रेघ माझ्या पडद्यावर आली. किती देखणी होती ती.

“राहू दे ना गं,” ताई म्हणाल्या. “छान आहे तुझं नाक.”

“आता म्हणतेस?” जाई मान न वळवता म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच मला भीती वाटली. “दाब ना बटण. हात हलवू नकोस लाह.” शेवटचा ‘लाह’ इथल्या बोलीचा.

ताईंनी बटण दाबलं.

मित्रांनो, कॅमेरा जपा, त्याला ओल लागू देऊ नका. पण तो हातात धरून समोरच्या पोरीला काय सांगता, ते त्याहून जपा. बिघडलेला फोटो मी पुसू शकतो, तुमचं बोलणं मला पुसता येत नाही.

जाईचं विमान शुक्रवारी सकाळी आहे. आज बुधवार.