होडीतून पाहिलेल्या खजुरी

बगदादच्या प्रदर्शनात सुहैलाच्या त्या चित्रापुढे माणसं थबकत आणि मान तिरकी करत. काळपट निळे, विटकरी पट्टे चारी कडांकडून निघून मधोमध झुकलेले, त्यांच्या फटींतून फाटल्यासारखा पिवळा उजेड. ना पान, ना आकाश, ना जमीन. कोणी विचारलं तर ती म्हणे, खजुरीची झाडं आहेत. पण ती अशी एकमेकांकडे का वाकलीत, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. स्वप्नात तशीच दिसायची, म्हणून तशीच काढली.

दक्षिणेहून, अबुल-खसीबच्या बागांतून, तिची आई बद्रिया खजुरांची टोपली घेऊन आली. लेकीची चित्रं तिने कधी पाहिली नव्हती. एकेक बघत ती या चित्राशी आली आणि तिथेच खाली बसली. चक्कर आली असेल म्हणून सुहैला धावली.

"तुला हे कोणी सांगितलं?" बद्रियाने विचारलं.

"काय, आई?"

"दोन वर्षांची होतीस. ताप हटेना. तुझ्या बापाने होडीत आडवी घातली आणि कालव्याने बसऱ्याला नेली. तू रडतही नव्हतीस, नुसती वर बघत होतीस. मला वाटलं, गेली पोर हातची."

"मला तर काहीच आठवत नाही."

"मग हे काय बाजारातून आणलंस?"

सुहैलाला हसू आलं आणि त्याच हसण्यात डोळे भरले. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. विचारायला आता आईच उरली होती.

प्रदर्शन संपताच ती आईबरोबर गावी गेली. मामाने भर दुपारी होडी काढली, बद्रियाही चढून बसली. शहरातली एवढी मोठी बाई होडीच्या तळाशी पसरलेली बघून त्याला मौज वाटली, पण तो सावकाश वल्हवत राहिला. कालवा अरुंद झाला. दोन्ही काठांवरच्या खजुरी पुढे सरकू लागल्या, माथ्यावर आल्या आणि एकमेकींत मिसळल्या. उजेड तिच्या पापण्यांवर पडायचा, विझायचा, पुन्हा पडायचा. पाणी लाकडाला हलके थापटत होतं. आपण जागे आहोत की निजलोय, हेही तिला कळेना.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "आई, तेव्हा तू कुठे होतीस? चित्रात तू कुठेच नाहीस."

"तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं," बद्रिया म्हणाली. "दिसणार कशी?"

सुहैला तशीच वर सरकली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली.