गेणबाच्या नावावरचं पाऊल

बारामतीत गेणबाला कुणी गेणबा म्हणत नसे. तो सगळ्यांचा जॅझसर. खताच्या दुकानावरच्या हॉलमध्ये तीस वर्षं त्याने पोरापोरींना नाचायला शिकवलं, लाजऱ्या नवरदेवांचे हातपाय मोकळे करून दिले, गॅदरिंगच्या मोसमात एका दिवसात तीन-तीन शाळा केल्या. आता वय सदुसष्ट. जिना चढताना तो मधल्या पायरीवर थांबायचा आणि मोबाइल बघितल्याचं सोंग करायचा.

गुडघ्यांचं एक वेळ चालून गेलं असतं. त्याला खरं दमवलं होतं एका गोष्टीने. ती सांगून सांगून तो थकला होता, कारण ती खोटी होती.

गोष्ट अशी. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी तो काटेवाडीहून चुलत्याचा टेम्पो घेऊन पुण्याला भाजी न्यायचा. कॅम्पातल्या एका क्लबच्या स्वयंपाकघरात कोबी-फ्लॉवर उतरवायचा. रविवारी दुपारी चारला तिथे जॅझ वाजायचा. गोव्याचा लॉरेन्स ड्रमवर बसायचा. गेणबा दाराआडून बघत बघत शिकला, मग हळूच फरशीवर उतरला आणि भाजीवाल्याचा डान्सर झाला. तिथले लोक नाचायला आले की जगाला विसरायचे. कुणी विचारायचं नाही तुझं गाव कोणतं, तुझी जात कोणती. पाय चालतात का, एवढंच बघायचे. तेवढं सुख गेणबाला पुन्हा कुठेच मिळालं नाही.

तिथल्या वर्षाच्या स्पर्धेत लॉरेन्सची एक खोड होती. शेवटी तो एकाएकी ठेका मोडून पाच मात्रांवर जायचा आणि भल्याभल्यांचे पाय एकमेकांत अडकायचे. त्या वर्षी एकाचे अडकले नाहीत. तो खाली बसला, गर्रकन फिरला, रुमाल हवेत उडवला आणि बरोबर ठेक्यावर उभा राहिला. लॉरेन्सने काठ्या खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. कपावर नाव कोरलं गेलं, गेणबा.

नाचला होता बिरदेव.

बिरदेव पिंपळीचा, धनगराचा पोर, टेम्पोवर माल उतरवायला सोबत यायचा. लहानपणापासून देवापुढे गजी, म्हणजे धनगरांचा ढोलावरचा नाच, नाचलेला. ढोलाने कितीही चाल बदलली तरी त्याचा पाय चुकत नसे. त्या दिवशी सकाळी पोतं उतरवताना गेणबाचा घोटा मुरगळला, म्हणून तोच म्हणाला होता, "बिरू, माझ्या नावावर तू हुबा ऱ्हा." त्याने आपले बूटसुद्धा काढून दिले. यादीत गेणबाचं नाव आधीच होतं आणि तिथे नावाशी चेहरा कुणी ताडून बघत नसे. परत येताना दौंडपाशी बिरदेव एवढंच म्हणाला, "कुणाला सांगू नगंस." गेणबाला वाटलं, दोस्ताचा दिलदारपणा. पुढे बिरदेव पुण्याला आलाच नाही आणि कप गेणबाच्या कपाटात राहिला. येणारे-जाणारे विचारत, गेणबा सांगे. आधी थोडं सांगे, मग रंगवून सांगे. त्याच गोष्टीवर क्लास उभा राहिला.

आणि आता पुण्याहून सुप्रिया नावाची एक मुलगी जुन्या नाचाच्या क्लबांवर फिल्म करत होती. ती उद्या कॅमेरा घेऊन येणार होती. फोनवर म्हणाली, "सर, ते पाचाचं पाऊल तुम्ही कुठून आणलंत, ते मला नीट हवंय."

गेणबाला जेवण गेलं नाही. मरायच्या आधी खरं बोलून मोकळं व्हायचं, एवढं एकच त्याच्या मनाने घेतलं. त्याने भिगवणची एसटी पकडली.

बिरदेव आता भिगवणला माशांच्या धंद्यात होता. शेडमध्ये बर्फाच्या पेट्यांपाशी खुर्ची टाकून बसला होता. पांढरा फेटा, कपाळाला भंडाऱ्याचं पिवळं बोट. लग्नाकार्यात दोघं भेटत, पाण्यापावसाचं बोलत, पण त्या दुपारचा विषय कधी निघाला नव्हता.

"गेणा? हिकडं कुठं वाट चुकलास?"

गेणबाने खुर्ची ओढली आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. "उद्या कॅमेऱ्यापुढं तुझं नाव घेनार हाय मी. ते पाऊल तुझं, तो कप बी तुझा. लई वर्सं खाल्लं मी तुझं."

त्याला वाटलं होतं बिरदेवाचे डोळे भरून येतील, निदान तो हसेल तरी. बिरदेवाने उठून शेडचं दार पुढे लोटलं.

"न्हाय घ्यायचं माझं नाव."

"आरं पन का?"

"तो रुमाल कसला हुता, ठावं हाय तुला? जत्रंतला. त्यात देवाचा भंडारा हुता. मी उडवला अन् समदा फरशीवर सांडला. दारूच्या जागंत. अन् त्याच्यावर पायात बूट घालून नाचलो मी, देवाचं पाऊल." बिरदेव खालच्या आवाजात बोलत होता. "त्या सालच्या पावसाळ्यात आमची साठ मेंढरं मेली. म्हाताऱ्यांनी देवळात समद्यांना बसवलं. इचारलं, देवाचं पाऊल बाटवलं कुनी?"

"मग?"

"मी सांगितलं, गेणबानं. माझं बघून शिकला अन् तितं नाचला. कपावर नाव बी तुझंच हुतं, कोन कशाला खोटं म्हनंल?"

गेणबा गार पडला. पिंपळीच्या जत्रेत त्याला पुढच्या ओळीत कुणी का बसवत नाही, भंडाऱ्याचं ताट त्याच्यापाशी आलं की पुढे का सरकतं, हे त्याला आजवर कळलं नव्हतं. आपण परके, म्हणून असेल, असं तो स्वतःला समजावत आला होता.

"देवापुढं खोटं बोललास तू," तो कसाबसा म्हणाला.

"व्हय. तवापासनं रोज माफी मागतुया. देव काय ते बघंल. पन मानसं न्हाय माफ करायची." बिरदेवाने खुर्ची जवळ ओढली. "जत्रंत गजीचं पहिलं पाऊल टाकायचा मान आता माझा आसतो, गेणा. नातवाची सोयरीक ठरल्याय. ही फिल्म मोबाइलवर फिरंल. तुला मोकळं व्हायचंय, खरं हाय. पन तुझं वझं उतारशील ते माझ्याच डोक्यावर ठिवशील. ह्या वयात मला न्हाय पेलायचं."

गेणबाला राग आला, भयंकर आला. मी चोर म्हणून कुढत बसलो आणि ह्या गड्याने मला देवाचा गुन्हेगार करून ठेवलं! एक सणसणीत शिवी ओठापर्यंत आली. पण समोर बसलेला माणूसही तेवढाच म्हातारा होता, तेवढाच दमलेला. शिवी द्यायचाही गेणबाला कंटाळा आला.

"निघतो," तो म्हणाला. हो म्हणाला नाही, की नाहीही म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी सुप्रिया आली. सोबत कॅमेरेवाला आणि दोन दिवे. कप टेबलावर ठेवून तिने गेणबाला समोर बसवलं.

"सर, थेट विचारते. ते पाऊल कुणाचं?"

खरं उत्तर त्याच्या जिभेवर होतं. रात्रभर त्याने तेच घोकलं होतं. त्याने कपाकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं.

"माझं," गेणबा म्हणाला. "धनगरांच्या जत्रेत बघून चोरलेलं. त्यांची त्यात काही चूक नाही, हे लिहून घ्या."

सुप्रियाला ते उत्तर फार आवडलं. "करून दाखवता थोडंसं? पण सर, बूट काढाल का? फरशीवर आवाज फार येतोय."

गेणबा गुडघ्यांवर हात टेकून उठला. वाकला आणि बुटांच्या नाड्या आणखी घट्ट बांधल्या.

"बूट राहू द्या," तो म्हणाला. "मी बूट घालूनच नाचलो होतो."