डावी पानं

धाकट्याच्या कंपनीत दर शुक्रवारी साडेचारला काम थांबायचं आणि माणसं आपापल्या चुका सांगायला उभी राहायची. बाकी जगात चुका लपवायचा पगार मिळतो, इथे सांगायचा मिळायचा. ज्याची चूक त्यानं मोठ्यानं सांगायची. कुणी प्रश्न विचारायचा नाही, कुणी नाक मुरडायचं नाही. सांगून झालं की सगळ्यांनी मिळून तीन टाळ्या वाजवायच्या आणि विषय मिटवायचा. मग चूक वहीत उतरायची: डाव्या पानावर चूक, समोरच्या उजव्या पानावर त्यावर काय उपाय केला ते. ही वही लिहायची ताई.

ताई म्हणजे धाकट्याची सख्खी बहीण, तिघा भावंडांतली मधली. अकरा वर्षांपूर्वी धाकट्यानं चार टेबलं मांडून इंटरनेटवर शोधायची साइट काढली, तेव्हा ती शाळेतली नोकरी सोडून त्याच्या मदतीला आली. तिचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि धाकट्याचं म्हणजे कोंबडीचे पाय. आता टेबलं दीडशे झाली होती आणि सगळं ऑफिस तिला ताईच म्हणायचं, तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. शुक्रवारी शेवटची पाळी तिची. सगळ्यांचं लिहून झालं की ती पेन खाली ठेवून उभी राहायची आणि कुठलंतरी पत्र भलत्याच पाकिटात घातल्याचं सांगायची. तिच्या टाळ्या जरा जोरात वाजायच्या.

तिघांतला थोरला, म्हणजे दादा, नोकरीला होता डोंगरात. डोंगर हे धाकट्याच्या ऑफिसनं ठेवलेलं नाव. अर्धं जग ज्या कंपनीच्या साइटवर शोधतं आणि ज्या कंपनीच्या फोनवर बोलतं, ती कंपनी. तिथे दादाचं काम एवढंच की लहान कंपन्या हेरायच्या आणि डोंगराच्या पोटात घालायच्या. त्याच्या कार्डावर हेच जरा बऱ्या शब्दांत छापलेलं होतं.

त्या वर्षी डोंगरानं धाकट्याच्या कंपनीला मागणी घातली. धाकटा नाही म्हणाला. डोंगरानं भाव वाढवला. धाकटा पुन्हा नाही म्हणाला आणि त्यानं दादाचा फोन उचलणंच बंद केलं. दर रविवारी दोघं भाऊ ताईकडे जेवायला यायचे, तेही थांबलं. नवरा गेल्यापासून ताईचा आठवडा त्या एका जेवणावर चालायचा. कंपनी राहिली काय आणि विकली काय, तिला त्याचं फारसं सोयरसुतक नव्हतं. तिला दोन भाऊ एका टेबलावर हवे होते.

मग एका रविवारी दुपारी दादा एकटाच आला.

"तो माझ्याशी बोलत नाही, निदान तू तरी ऐक," तो म्हणाला. "आमच्या वरच्या लोकांना वाटतंय, हा काहीतरी दडवतोय, म्हणून विकत नाही. ती तुमची चुकांची वही एकदा बघू दे मला. मी स्वतः बघितलीय म्हटलं की ते मागे हटतील."

"वही ऑफिसच्या बाहेर जात नाही, दादा."

"मी कुठे पळवून नेतोय? इथेच बघतो, तुझ्यासमोर. लोक म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. आपला धाकटा अकरा वर्षं मूठ उघडी टाकून बसलाय आणि तरी टिकलाय. कसा टिकला ते मला बघायचंय गं." मग खिडकीकडे बघत तो म्हणाला, "आजवर मी त्याला एकदाही शाबास म्हटलेलं नाही."

झालं. ताई विरघळली. लहानपणापासून धाकटा दादाच्या त्या एका शब्दासाठी जीव टाकायचा, आणि दादा तो शब्द कंजूष माणसासारखा गाठीला बांधून बसलेला. वही वाचल्यावर तो सुटेल असं तिला मनापासून वाटलं. खऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला असंच वाटतं, की खरं लिहिलेलं सगळे खरेपणानंच वाचतात.

पुढच्या रविवारी तिनं भाजीच्या पिशवीतून वही घरी आणली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवली. टेबलावर पिवळ्या चौकड्यांचं मेणकापड होतं आणि त्याच्या एका कोपऱ्याला गरम भांड्याचा काळा डाग पडला होता. दादानं चष्मा लावला. ताई चहा टाकायला आत गेली. आलं किसलं, दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसपाशी उभी राहिली, दादाला आवडतो तसा चहा चांगला उकळू दिला. ती बाहेर आली तेव्हा वही मिटलेली होती आणि दादाचा फोन त्याच्या खिशात होता.

"शाबास आहे बेट्याची," दादा म्हणाला.

ताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन तिनं वही कपाटात जागच्या जागी ठेवली.

अठरा दिवसांनी धाकट्याच्या कंपनीच्या एकेका शेअरवाल्याच्या घरी डोंगराचं पत्र पोचलं. तुमची कंपनी काय करते ते तिच्याच हस्ताक्षरात वाचा, एवढीच वर ओळ, आणि खाली वहीच्या बत्तीस पानांचे फोटो. तेरा माणसांची खासगी पत्रं चाळीस मिनिटं भलत्याच लोकांना दिसत होती. एका औषधाची चुकीची मात्रा दोन दिवस सगळ्यांत वर दिसत होती. एका शाळेचा पत्ता शोधला की तुरुंगाचा पत्ता यायचा. बत्तीसच्या बत्तीस डावी पानं. ज्यांची पत्रं उघडी पडली त्या तेरा जणांना त्याच संध्याकाळी फोन करून माफी मागितली होती, औषधांसाठी तेव्हापासून तीन डॉक्टर नेमले होते, हे सगळं उजव्या पानांवर होतं. उजवं पान एकही नव्हतं. आणि अक्षर इतकं सुरेख की वाचणाऱ्याला चष्माही लागू नये.

शेअर बाजारात आपटला. धाकटा तीन दिवस टीव्हीवर उजवी पानं दाखवत फिरला, पण बैल गेला नि झोपा केला. घाबरलेल्या माणसाला उपाय ऐकायचा नसतो, त्याला दार हवं असतं. डोंगरानं दार उघडून ठेवलं होतं, आधीच्या निम्म्या भावात.

आता घरभेदी शोधायचा होता. कपाटाला किल्ल्या दोन, एक ताईकडे आणि एक बोक्याकडे. बोका म्हणजे यंत्रांच्या खोलीतला इंजिनिअर, धाकट्यानं नेमलेला पहिला माणूस. हिरवट डोळे, पावलांचा आवाज नाही, म्हणून ते नाव. एकटा जीव होता, त्यामुळे कधीमधी तोही रविवारी ताईकडे जेवायला असायचा. मागच्याच महिन्यात तो सगळ्यांदेखत धाकट्याला म्हणाला होता, "विकून टाक एकदाची, निदान झोप तरी लागेल." थकलेल्या माणसाचं बोलणं ते. पण आता ते सगळ्यांना आठवलं. ताईवर संशय घ्यायचं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी.

धाकट्यानं बोक्याकडून दोन्ही किल्ल्या काढून घेतल्या, कपाटाची आणि यंत्रांच्या खोलीचीही. महिनाअखेर निघायचं असं लिहून दिलं आणि तोवर लिफ्टसमोरच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. अकरा वर्षं इथे राबलेला माणूस, येणारे-जाणारे त्याला वळसा घालून जायला लागले.

ताईनं पत्र हातात घेतलं तेव्हा तिसऱ्या फोटोवर तिची नजर अडकली. पानाच्या कडेला नखाएवढी पिवळी चौकट आणि त्यावर काळा डाग. धाकटा त्या टेबलावर शेकडो वेळा जेवला होता, पण फोनमध्ये डोळे घालून. खालचं कापड पिवळं की निळं, त्याला शपथेवर सांगता आलं नसतं. तरी त्याच संध्याकाळी ताईनं मेणकापडाची घडी केली, दोन गल्ल्या पलीकडच्या कचरापेटीत टाकली आणि येताना नवं, पांढरं कापड घेऊन आली.

मग तिनं दादाला फोन लावला.

"केसानं गळा कापलास माझा."

"तुझं नाव कुठेही येणार नाही, मी बघतो," दादा शांतपणे म्हणाला.

"बोक्यावर आळ आलाय, दादा."

"येऊ दे की. आमच्याकडे आल्यावर तसाही तो जाणारच होता. त्याला नोकऱ्या छप्पन मिळतील. तुला धाकटा भाऊ दुसरा मिळणार आहे का?"

तिनं फोन ठेवला. दादाचा राग आला, पण त्याचं शेवटचं वाक्य तिनं जपून ठेवलं. पुढचे दिवस ती तेच वाक्य स्वतःला ऐकवत राहिली.

त्या शुक्रवारी चुकांची फेरी झाली. कंपनी बुडत होती तरी फेरी झाली. ज्याचं नाव पटावर आहे त्यानं उभं राहायचं, हा नियम. बोका लिफ्टसमोरून उठून आला आणि म्हणाला, "या आठवड्यात माझी काही नाही." ताईनं डाव्या पानावर सुरेख अक्षरात लिहिलं, काही नाही. शेवटी ती स्वतः उभी राहिली. तिचं तोंड उघडलं, धाकटा तिच्याकडे बघत होता, आठवड्यात पहिल्यांदा जरा मऊ नजरेनं.

"टाचण्या संपल्यात," ताई म्हणाली. "मागवायचं राहून गेलं."

तीन टाळ्या वाजल्या, जरा जोरात.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोका तिच्या घरी आला. नेहमीच्या खुर्चीवर बसला. पांढऱ्या कापडावरून त्यानं एकदा तळहात फिरवला.

"नवं घातलंत, ताई?"

"जुनं फाटलं होतं."

"हो का," बोका म्हणाला. मांजर डोळे मिटून दूध पितं आणि समजतं की कुणी बघत नाही. इथे बोक्याचे डोळे सताड उघडे होते. त्यानं चहा घेतला, बिस्किटाला हात लावला नाही. दारात चप्पल घालताना खाली मान घालूनच तो म्हणाला, "बुधवारी शेअरवाल्यांची मतं झाली की पुढच्या शुक्रवारी शेवटची फेरी आहे. तीन टाळ्यांत मिटतं सगळं, ताई. आपला नियमच आहे तसा. मी काही बोलणार नाही, ज्याचं त्यानं सांगायचं असतं."

तो गेल्यावर तिनं त्याचा कप दोनदा विसळला.

बुधवारी शेअरवाल्यांनी मतं दिली आणि कंपनी डोंगराच्या पोटात गेली. शुक्रवारी साडेचारला सगळे जमले. या वेळी मागच्या भिंतीला टेकून डोंगराची चार माणसं उभी होती, त्यांच्यात दादा. धाकटा एका आठवड्यात दहा वर्षांनी म्हातारा झाल्यासारखा दिसत होता. "शेवटची फेरी," एवढंच तो म्हणाला.

एकेक जण उठत गेला. ताई लिहीत गेली. तिनं मनाशी ठरवलं होतं की आज सांगायचं. खरंच ठरवलं होतं. वाक्यही तयार होतं, सकाळपासून तिनं ते वीस वेळा घोकलं होतं. शेवटची पाळी आपलीच आहे, तोवर वेळ आहे, असं म्हणत ती दुसऱ्यांच्या चुका लिहीत होती.

तिच्या आधीची पाळी बोक्याची होती. तो उभा राहिला.

"माझी चूक," तो म्हणाला, "मला वाटलं, ताई सांगतील. मागच्या शुक्रवारी वाटलं. त्यांच्या टेबलावरचं पिवळं कापड बदललेलं बघितलं, त्यानंतरही आठवडाभर वाटत राहिलं. तिसऱ्या फोटोत आहे ते कापड. डागासकट."

कुणीतरी पत्राची घडी उलगडल्याचा आवाज आला. धाकट्यानं ते पत्र हातात घेतलं, तिसऱ्या फोटोपाशी थांबला आणि मग ताईकडे बघितलं. ताईला वाटलं, आता ओरडेल. ओरडला असता तर तिनं त्याचे पाय धरले असते. पण प्रश्न विचारायचा नाही, हा नियम त्यानंच केला होता. त्यानं पत्र खाली ठेवलं आणि टाळ्या वाजवल्या, एक, दोन, तीन. बाकीच्यांनी त्याच्यामागोमाग वाजवल्या.

"लिही," तो म्हणाला. पुढे 'ताई' म्हणाला नाही.

तिनं लिहिलं. अक्षराला अकरा वर्षांची सवय होती, ते सुरेखच आलं. मग चूक करणाऱ्यानं उपाय सांगायचा असतो म्हणून तिनं वर न बघता विचारलं, "उजव्या पानावर?"

"कोरं सोडा," बोका म्हणाला.

ताईनं पेन खाली ठेवलं आणि ती उभी राहिली. तिची पाळी होती. तिनं तोंड उघडलं तेवढ्यात धाकट्यानं तिच्यासमोरची वही उचलली, मिटली आणि मागच्या भिंतीपर्यंत चालत जाऊन दादाच्या हातात दिली.

"घे. आता तुमचीच आहे. या वेळी दोन्ही पानं ने."

"धाकट्या, माझी चूक..." ताई म्हणाली.

"फेरी संपली," धाकटा म्हणाला. लोकांनी खुर्च्या सरकवल्या. तो बोक्यापाशी गेला आणि खिशातून यंत्रांच्या खोलीची किल्ली काढून त्याच्यासमोर धरली. बोक्यानं ती घेतली नाही. आता त्या खोलीचं कुलूप डोंगराचं होतं. मग दोघं बरोबरच जिन्यानं खाली गेले.

ताई तिथेच उभी होती. तिच्या बाजूनं माणसं वळसा घालून जात होती. दिवे मालवायची वेळ झाली तेव्हा दादा वही बगलेत मारून तिच्याजवळ आला.

"चल, घरी सोडतो," तो म्हणाला. "रविवारी येतोच आहे मी. नवं कापड घातलंयस म्हणे? बरं केलंस, जुनं फारच डागाळलं होतं."

ताईनं आपली पर्स घेतली आणि ती त्याच्यामागून चालू लागली.