हात मांडीखाली

बाहुली कापडाची होती. डोक्यात कापूस ठासून भरलेला, त्यामुळे मान लटकण्याचा प्रश्नच नव्हता. तरी तिला उचलणाऱ्या प्रत्येकाचा तळहात आधी तिच्या मानेखाली जाई. प्रसूतिगृहात काम करणाऱ्यांच्या हातांना ही सवय जडलेली असते, त्यासाठी डोकं चालवावं लागत नाही. त्या दिवशी अडचण नेमकी तीच झाली.

वरच्या मजल्यावरच्या खोलीत खुर्च्या गोलाकार मांडल्या होत्या. बाळंतपणाच्या आगेमागे बाईचं मन कसं सांभाळावं, हे शिकवायला बाहेरून एक बाई आल्या होत्या. वयाने लहान, आवाजाने त्याहून लहान. त्यांच्या अगदी समोर बसल्या होत्या मोठ्या सिस्टर. निम्मं गाव यांच्या हातून जगात आलेलं, आणि उरलेल्या निम्म्याला यांनी सल्ले दिलेले.

"एकाने नुकतीच बाळंत झालेली आई व्हायचं," बाई म्हणाल्या. "दुसऱ्याने जवळ बसून विचारायचं, कशी आहेस. मग ती बोलेपर्यंत गप्प राहायचं. सल्ला द्यायचा नाही."

"अजिबात?" मोठ्या सिस्टरांनी विचारलं. श्वास घ्यायलाच कुणी बंदी केल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

आई व्हायला कुणी पुढे येईना. शेवटी डॉक्टरच उठले. टक्कल, झुपकेदार मिशा आणि भारदस्त पोट. त्यांनी डोक्यावरून चादर घेतली आणि बाहुली मांडीवर ठेवली.

"पोटाचं वेगळं काही करायला नको," मोठ्या सिस्टर पुटपुटल्या. खोली खदखदून हसली.

मग त्या समोर जाऊन बसल्या. "कशी आहेस गं?"

डॉक्टरांनी लांबलचक उसासा टाकला. मोठ्या सिस्टरांची नजर तोवर खाली घसरली होती.

"दुपटं सैल बांधलंयस. आण इकडे. दूध नीट ओढतोय ना?" बघता बघता बाहुली त्यांच्या खांद्यावर गेली आणि पाठीवर थोपटणं सुरू झालं.

"अहो सिस्टर, मी रडतोय!" डॉक्टर चादरीतून ओरडले.

"रडा हो. बाळ बघा किती शांत आहे."

बाईंनी हसत बाहुली काढून घेतली आणि तिच्या जागी डॉक्टरांच्या मांडीवर उशी ठेवली. मोठ्या सिस्टरांनी उशीचा अभ्रा नीट केला. मग बाईंनी उशीही नेली.

"सिस्टर, हात मांडीखाली घ्या," त्या म्हणाल्या. "हातांवरच बसा. आणि आता फक्त यांच्याकडे बघा."

मोठ्या सिस्टर हातांवर बसल्या. मांडीवर काही नसलेले डॉक्टर जरा ओशाळल्यासारखे दिसत होते. मग ते चादरीचं टोक चाळवत म्हणाले, "सगळे बाळाला बघायला येतात. मी दार उघडते, आणि मग त्या दारासारखीच उभी राहते."

कुणी हसलं नाही.

"हे कुठून काढलंत?" मोठ्या सिस्टरांनी हळूच विचारलं.

"एक पेशंट म्हणाली होती." डॉक्टरांनी चादर उतरवली. "मी तिला रक्तवाढीच्या गोळ्या लिहून दिल्या."

घरी जाताना ते दार मोठ्या सिस्टरांच्या डोक्यातून जाईना. घर म्हणजे लेकीचं. ती बाळंत झाल्यापासून त्या तिथेच मुक्कामाला होत्या. नातवाचं वजन त्यांना ग्रॅमसकट पाठ होतं. लेकीचं बोलणं मात्र घटत घटत 'हो', 'नाही' आणि 'ठेव तिथे' एवढ्यावर आलं होतं. झोप पुरत नाही, असं निदान करून त्या मोकळ्या झाल्या होत्या. शेवटची ती कधी हसली, हे आठवायला गेल्या, तर आठवेना.

लेक पलंगाच्या काठावर बसून दुपट्यांच्या घड्या घालत होती. मोठ्या सिस्टरांचे पाय सवयीने पाळण्याकडे वळले. त्यांनी ते मागे फिरवले, लेकीसमोर खुर्ची ओढली आणि हात मांडीखाली घेतले.

"कशी आहेस गं?"

"आत्ताच पाजलंय त्याला."

"त्याचं नाही विचारलं."

लेकीने मान वर केली. "अशी काय बसलीयस? हाताला मुंग्या आल्यात का?"

"अभ्यास दिलाय."

"तुला? कुणाची एवढी छाती झाली?" लेकीच्या ओठांचा कोपरा जरासा हलला आणि पुन्हा जागेवर गेला.

मोठ्या सिस्टरांच्या जिभेच्या टोकाशी सल्ल्यांची रांग लागली होती. तेवढ्यात बाळाने सूर लावला. त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या आणि पुन्हा खाली बसल्या. ओले हात पुसत जावई धावत आला. बाळाला उचलून त्याने सासूकडे चमकून पाहिलं.

"आई, तुम्हाला बरं वाटत नाही का?"

"ठणठणीत आहे मी. मानेखाली..." त्यांनी जीभ चावली. त्याचा हात बाळाच्या मानेखाली होताच. जावई बाळाला घेऊन बाहेर गेला.

लेकीने घातलेली घडी मोडली, पुन्हा घातली, पुन्हा मोडली.

"रोज ठरवते, आज तुला सांगायचं," ती म्हणाली. "मग तू कसली तरी वाटी घेऊन येतेस, आणि राहूनच जातं." ती थांबली. मोठ्या सिस्टर हलल्या नाहीत. "त्याला जवळ घेतलं तरी मला काही वाटत नाही, आई. आणि परवा डब्याचं झाकण उघडेना, तर त्यावर रडत बसले. झाकणावर!"

याची निदान तीन कारणं मोठ्या सिस्टरांना ठाऊक होती. हातांना आता खरोखरच मुंग्या आल्या होत्या. त्यांनी ते तसेच दाबून धरले आणि लेकीच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्यांना आज पहिल्यांदा दिसली.

लेकीने दुपटं बाजूला ठेवलं.

"मी डॉक्टरांकडे जाणार आहे. मनाच्या," ती म्हणाली. सुरुवातीला कापणारा आवाज पुढे सरळ झाला. "तुमच्या दवाखान्यात नाही, तिथे मी फक्त तुझी लेक असते. आणि सोबत तू यायचं नाहीस, हा येईल. उद्याच जाणार आहे. तू बाळाला सांभाळ. ते तुला छान जमतं."