सोसण्याचं घराणं

धाकटी लाँड्रीत इस्त्री करायची. महिन्यातले काही दिवस असे यायचे, की ओटीपोटात पीळ पडायचा आणि हातातली इस्त्री शर्टावरच अडकून राहायची. दोन शर्ट करपले तेव्हा मालकाने बजावलं, पुन्हा असं झालं तर उद्यापासून येऊ नकोस.

घरी सांगून उपयोग नव्हता. त्या घराण्यातल्या बायकांना सोसण्याचा भलताच अभिमान. आजी म्हणे दातांत टॉवेल धरून स्वयंपाक करायची. मावशी बेशुद्ध पडायची आणि शुद्धीवर येताच भांडी घासायला बसायची. थोरल्या बहिणीला मूल होत नव्हतं, तर त्याचं खापर नवऱ्याच्या माथी मारून सगळ्या मोकळ्या. धाकटी कण्हली की आईचं ठरलेलं, "आपल्यात सगळ्यांनाच होतं. मग तो आजार कसला?" या अकलेपुढे शहाण्याने हात टेकावेत. घरात सगळेच लंगडे, म्हणून लंगडणं हीच म्हणे चाल.

दोन डॉक्टरांनी गोळ्या देऊन वाटेला लावलं होतं. तिसऱ्या डॉक्टरीणबाईंनीही तेच केलं तर नोकरीवर पाणी सोडावं लागणार, हे धाकटीला पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या दवाखान्यात सोबत आई आली. सोबत कसली, पोरीची नाटकं उघडी पाडायलाच आली होती.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुणाला एंडोमेट्रिओसिस आहे का, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढण्याचा त्रास? आई ताठ बसत म्हणाली, "छे. आमच्यात तसलं काही नाही." आणि आमच्या बायका किती चिवट, हे दाखवायला तिने टॉवेल, बेशुद्धी, थोरलीची न उजवलेली कूस, सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

त्या म्हणाल्या, याचा काही एकच जीन नसतो. अनेक मिळून थोडाथोडा धोका वाढवतात, आणि रक्ताच्या नात्यातल्या बायकांना असेल तर शक्यता वाढते. होतोच असं नाही. त्या सगळ्यांना हाच होता का, हे आज कोण सांगणार? पण या मुलीला आता नुसत्या गोळ्यांवर पिटाळायचं नाही, दुर्बिणीने आत बघायचं.

धाकटीला कडवट हसू आलं. ज्या बढाया ऐकून कान किटले होते, त्यांनीच तिचं काम केलं होतं. लाज वाटावी, इतकं सोपं होतं ते.

जिना उतरताना आई मधेच थांबली. कठडा धरून खाली बघत म्हणाली, "मला फार दुखायचं गं. तू रडायचीस ना, तेव्हा तुझा राग यायचा. मला कुठे कुणी रडू दिलं होतं?"

धाकटीला तिची दया आली. पण संताप दयेहून जुना होता.

"म्हणून मलाही नाही रडू दिलंस?"

 आई तिथेच पायरीवर बसली, आणि धाकटी तिला उठवायला वाकली नाही.