रिझर्व्ह

लुना घरी आली त्या संध्याकाळी सावळाराम गुरुजींनी आधी तिचं माहितीपुस्तक हातात घेतलं. पुस्तक इंग्रजी होतं, पण गुरुजींनी शब्दकोश जवळ ठेवून एकेक आकृती लावली. थोड्याच दिवसांत निमोण्याच्या पारावर ते कार्बोरेटर समजावून सांगायला लागले. फक्त स्वतः चालवायला बसले की लुना नेमकी बाभळीकडं जायची.

आणि दिवाळीला खुटबावला माहेरी गेलेली त्यांची बायको सविता भावाच्या जुन्या लुनावर, वावरातल्या वाटेनं पडत-झडत शिकून आली. पुस्तकाचं पानही न उलटता. गुरुजींना ते फार लागलं. लग्नानंतर तिला घरी शिकवून दहावी पास करवलं होतं ते त्यांनीच. तिला जे काही येतं ते आपल्याकडूनच आलंय, अशी त्यांची इतकी वर्षं समजूत होती. आता लोक विचारायचे, ‘‘काय गुरुजी, मागं बसायची सवय झाली का?’’ गुरुजी हसल्यासारखं करायचे.

अंगणवाडीच्या मुलाखतीसाठी सविताला अकराच्या आत शिरूरला पोचायचं होतं. नेमकी त्या दिवशी एसटी आलीच नाही, म्हणून तिनं लुना काढली. मागं गुरुजी, त्यांच्या मांडीवर तिच्या दाखल्यांची पिशवी. वळण आलं की ती अंग जरासं कलतं करायची आणि लुना आपसूक वळायची. गुरुजी पाठीमागून ते बघत होते आणि आतल्या आत जळत होते.

गाव बरंच मागं पडल्यावर लुना दोनदा खोकली आणि बंद पडली.

सवितानं झाकण काढून टाकी हलवली. तळाशी पेट्रोल डुचमळलं. म्हणजे पेट्रोल आहे, तिनं ठरवलं, आणि भावानं शिकवल्याप्रमाणं प्लग काढून रुमालानं पुसला. भावाची टाकी कायम भरलेली असायची, त्यामुळं पुढचं शिकायची तिच्यावर वेळच आली नव्हती.

गुरुजींची नजर टाकीखालच्या नळीवरच्या छोट्या खटक्यावर होती. ते पान, ती आकृती, खालचा बारीक मजकूर, सगळं डोळ्यांसमोर होतं. खटका रिझर्व्हवर फिरवायचा, की तळाचं राखीव पेट्रोल येतं, एवढंच. विचारलं की सांगू, ते मनात म्हणाले. एकदा विचारू दे.

सविता विचारेना. पेडल मारून मारून तिला दम लागला, कपाळाचं कुंकू घामानं ओघळलं. गुरुजी लिंबाच्या सावलीत पिशवी धरून उभे. त्यांना गार वाटत होतं, सावलीमुळं आणि दुसऱ्याही कशामुळं.

शेवटी ती मैलाच्या दगडावर बसली. ‘‘जाऊ द्या,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘एवढं काय माझ्या नशिबात न्हाई. चला घरी.’’

हे ऐकायला मिळावं असं सकाळपासून कुठंतरी वाटत होतं, हे गुरुजींना तेव्हा कळलं. आणि ऐकल्यावर तोंड कडू झालं. ते वाकले, खटका फिरवला, म्हणाले, ‘‘जरा थांब, आणि मार पेडल.’’

लुना सुरू झाली.

सवितानं आधी खटक्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. ‘‘हे पुस्तकात हाय?’’

‘‘आहे.’’

‘‘मग मघापासून काय वाचत हुता?’’

तिनं त्यांच्या हातातली पिशवी घेऊन हँडलला अडकवली. ‘‘तुमचं वजन घेऊन अकराच्या आत पोचायची न्हाई मी. मागनं या तुम्ही.’’

आणि ती निघालीसुद्धा. लुना बरीच पुढं गेल्यावर गुरुजींना त्याच पानावरची पुढची ओळ आठवली. रिझर्व्हवर फार लांब जाता येत नाही. ते धोतर सावरत रस्त्याच्या मधोमध पळाले आणि शाळेत कधी काढला नव्हता एवढा आवाज काढून ओरडले, ‘‘सविता, शिरूरला पेट्रोल भर! तिथल्या तिथं भर!’’

ती मागं वळली नाही. नुसता डावा हात वर करून, ऐकलं म्हणून हलवला. लुना तसूभरही डगमगली नाही.

एका हातानं, गुरुजी पुटपुटले, आणि शिरूरच्या दिशेनं चालायला लागले.